जुना रेझर: जपावा की वापरावा?

दाढीच्या जुन्या सामानाबद्दल आरोग्याच्या सदरात काय लिहायचे, असे काही वाचकांना वाटेल. परंतु गेल्या काही वर्षांत हा विषय दवाखान्यात वरचेवर निघू लागला आहे. तीन-तीन, पाच-पाच पात्यांच्या महागड्या रेझरला कंटाळलेले तरुण आजोबांचा पितळी सेफ्टी रेझर माळ्यावरच्या ट्रंकेतून शोधून काढतात. दुसरीकडे नोकरीतून निवृत्त झालेली काही हौशी मंडळी असे रेझर जमवतात. पुण्याचा जुना बाजार आहे, मुंबईचा चोर बाजार आहे, आणि आता तर घरबसल्या परदेशातूनही पार्सल मागवता येते. जमवता जमवता एके दिवशी मनात येते, 'एवढा सुंदर रेझर नुसता कपाटात काय ठेवायचा? एकदा दाढी करून तर पाहू!' तिथून पुढे हा विषय आरोग्याचा होतो.

छंदाला माझा मुळीच विरोध नाही. साठीनंतर माणसाला हाताला आणि डोक्याला काम देणारे काहीतरी असावे, या मताचा मी आहे. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्ते, दिवे, पाय घासायच्या वज्री अशा घरगुती वस्तू पाहताना माणूस हरखून जातो. रेझर हीसुद्धा तशीच रोजच्या वापरातली वस्तू. फरक एवढाच की अडकित्ता सुपारी कातरतो आणि रेझर आपल्या कातडीवरून फिरतो. दाढी कितीही सफाईने केली तरी केसांबरोबर कातडीचा अगदी वरचा पापुद्रा थोडासा खरवडला जातोच. डोळ्यांना न दिसणाऱ्या या ओरखड्यांतून जंतूंना आत शिरायला वाट मिळते.

म्हणून जुन्या रेझरचा विचार करताना सांगाडा, पाते आणि सोबत येणारा ब्रश या तीन गोष्टी वेगवेगळ्या धराव्यात. तिघांना एकच न्याय लावता येत नाही. सांगाडा जुना असला तरी बहुधा चालतो. पाते मात्र जुने चालत नाही. ब्रशाची गोष्ट त्याहून वेगळी आहे, ती पुढे येईलच.

फेकून द्यायचे पाते

सेफ्टी रेझर येण्यापूर्वी घरोघर दाढी व्हायची ती वस्तऱ्याने. वस्तऱ्याने स्वतःची दाढी करणे हे येरागबाळ्याचे काम नव्हते. त्यामुळे पात्याला आडोसा करण्याचे प्रयत्न फार जुने आहेत. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये पेरे नावाच्या कारागिराने वस्तऱ्याला लाकडी आडोसा बसवला. १८४७ साली हेन्सन या इंग्रजाने कुदळीसारखी, म्हणजे दांड्याला आडवे पाते असलेली रचना केली. १८८० साली अमेरिकेतील काम्फे बंधूंचा 'स्टार' रेझर आला. पण या साऱ्यांमधले पाते जाडजूड होते. ते काढून चामड्याच्या पट्ट्यावर पुन्हा पुन्हा परजावे लागे.

बूच विकणाऱ्या कंपनीत फिरत्या विक्रेत्याची नोकरी केलेल्या किंग कॅम्प जिलेट यांच्या डोक्यात १८९५ साली कल्पना आली की पाते इतके पातळ आणि स्वस्त असावे की बोथट झाल्यावर फेकून देता येईल. एवढ्या पातळ पोलादाला धार आणि कडकपणा आणणे जाणकारांना अशक्य वाटत होते. विल्यम निकर्सन या अभियंत्याने ते जमवले. १९०१ साली बॉस्टनमध्ये कंपनी निघाली. १९०३ या विक्रीच्या पहिल्या वर्षी अवघे ५१ रेझर आणि १६८ पाती खपली. १५ नोव्हेंबर १९०४ रोजी पेटंट मिळाले. १९१८ साली, पहिल्या महायुद्धात, अमेरिकन सरकारने आपल्या सैनिकांसाठी सुमारे ३५ लाख रेझर घेतले. हे सैनिक घरी परतले ते रोज स्वतःची दाढी स्वतः करण्याची सवय घेऊनच.

व्यापाराच्या दृष्टीने ही गोष्ट अनेकांनी सांगितली आहे. डॉक्टरच्या दृष्टीने पाहिले तर तिच्यात आणखी एक अर्थ आहे. पाते एका माणसाचे आणि तेही थोड्या दिवसांचे झाले, त्यामुळे एकाचे रक्त दुसऱ्याच्या कातडीपर्यंत जाण्याची वाट बंद करण्याची सोय झाली. जिलेट यांच्या मनात हे नसेलही. पण जुना रेझर हाती घेणाऱ्याने आज ही सोय सोडू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

पाते जुने नकोच

संग्राहकांना कधी कधी जुन्या पात्यांची न फोडलेली पाकिटे मिळतात. रंगीत वेष्टनावरील चित्रे पाहण्यासारखी असतात. ती जरूर जपावीत, वहीत लावावीत, पण आतले पाते गालाला लावू नये. १९६० च्या दशकापर्यंत बहुतेक पाती साध्या कार्बन पोलादाची असत. बंद कागदातसुद्धा त्यांना दमट हवेने गंज चढतो. धारेवर गंजाचे सूक्ष्म दात तयार होतात आणि ते केस कापण्याऐवजी कातडी फाडतात. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंडमधील विल्किन्सन कंपनीने लेप दिलेली स्टेनलेस स्टीलची पाती आणली आणि पुढे सर्वांनी तोच मार्ग धरला.

जुनी माणसे बोथट पाते काचेच्या पेल्याच्या आतल्या बाजूला घासून त्याला आणखी दोन-चार दिवस चालवीत, हे अनेकांनी पाहिले असेल. कार्बन पोलादाला त्याचा थोडाफार उपयोग होई. आजच्या पात्याच्या धारेवर अतिशय पातळ गुळगुळीत लेप असतो. तो घासून निघून जाईल, पदरात काही पडणार नाही. आज बाजारात साधे दुधारी पाते अगदी थोड्या पैशांत मिळते. पाच ते सात दाढ्यांनंतर, आणि केस राठ असतील तर त्याआधीही, ते बदलावे. इथे काटकसर करण्यात काही हशील नाही.

आणखी एक वर्ग आहे तो ज्यांचे पाते हाच रेझरचा मुख्य भाग आहे अशांचा. उदाहरणार्थ इंग्लंडमधील 'रोल्स' रेझर. त्याच्या धातूच्या डबीतच एका बाजूला धार लावायचा दगड आणि दुसऱ्या बाजूला चामडे असे. डबी बंद असताना दांडी मागे-पुढे केली की पाते परजले जाई. यंत्र म्हणून मोठे देखणे! आठवड्याच्या सात वारांची नावे कोरलेली सात पाती असलेले संचही असत. यांतले पाते कुणा अनोळखी माणसाने वर्षानुवर्षे वापरलेले असते आणि त्याला बसेल असे नवे पाते आता कुणी करीत नाही. असा रेझर कपाटातच शोभतो. आजच्या बाजारात मिळणारे नवे, सीलबंद पाते ज्यात बसते, तोच जुना रेझर वापरायला घ्यावा. जिलेट पद्धतीच्या तीन छिद्रांच्या किंवा मधल्या लांब खाचेच्या बहुतेक जुन्या रेझरमध्ये आजचे दुधारी पाते बसते, हे आपले नशीब.

रेझर जुना, रक्त किती जुने?

गेल्या पावसाळ्यात एक सेवानिवृत्त गुरुजी अंगठ्याला फडके गुंडाळून दवाखान्यात आले. त्यांच्याकडे साठ-सत्तर रेझर आहेत. जुन्या बाजारातून आणलेला एक रेझर घरी येऊन त्यांनी उघडला, तर आत वाळलेल्या साबणात रुतून बसलेले पाते होते. ते काढताना अंगठा कापला.

"डॉक्टरसाहेब, एवढ्याशा कापण्याला काय होतंय? पण हिने ऐकलंच नाही, उठवून पाठवलं," गुरुजी म्हणाले.

"बाईंनी बरोबर केलं. रेझर केव्हाचा आहे, गुरुजी?"

"१९५८ ते ६० च्या दरम्यानचा. तळाशी खूण आहे ना!" गुरुजींचा चेहरा उजळला.

"आणि पाते?"

यावर ते गप्प झाले. मग आठवून म्हणाले, "विकणारा म्हणत होता, कुणी वारले म्हणून त्या घरातलं सगळं सामान गेल्या आठवड्यात उचललं."

म्हणजे रेझर साठ वर्षांपूर्वीचा, पण पात्यावरचे रक्त दहा दिवसांपूर्वीचेही असू शकेल. नेमका हाच मुद्दा संग्राहकांच्या नजरेतून सुटतो. वस्तूचे वय पाहून ते निर्धास्त होतात किंवा उगाच घाबरतात.

खरी वस्तुस्थिती काय आहे? ब प्रकारच्या काविळीचा विषाणू वाळलेल्या रक्तातही किमान सात दिवस जिवंत राहतो, आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या रक्तातूनही पसरतो. सी प्रकारच्या काविळीचा विषाणू प्रयोगशाळेत काही आठवडे टिकलेला आढळला आहे. एड्सचा विषाणू त्या मानाने शरीराबाहेर फार दुबळा, रक्त वाळले की त्याची शक्ती झपाट्याने जाते. म्हणजे वीस-तीस वर्षे डबीत पडून असलेल्या रेझरवर यांतला कोणताही विषाणू जिवंत नसतो. लोकांना भीती वाटते ती एड्सची, आणि जपायला हवे ते काविळीपासून, असा हा उलटा प्रकार आहे.

गुरुजींचा अंगठा वाहत्या पाण्याखाली साबणाने धुतला, धनुर्वाताचे इंजेक्शन दिले आणि ब काविळीच्या लशीचा पहिला डोस दिला. ही लस आपल्याकडे देशभरातील बालकांच्या लसीकरणात २०११ च्या सुमारास आली. त्यामुळे आजच्या बहुतेक प्रौढांनी ती घेतलेलीच नसते. प्रौढांना तीन डोस लागतात. पहिल्यानंतर एका महिन्याने दुसरा आणि सहा महिन्यांनी तिसरा. गुरुजींनी तिन्ही पूर्ण केले, रक्ततपासण्याही ठीक आल्या. असे कापल्यावर लस शक्यतो २४ तासांच्या आत घ्यावी. पाते नुकतेच कुणी वापरलेले असल्याची शंका असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे, कारण एड्सच्या प्रतिबंधाची औषधे द्यायची की नाही हा निर्णय ७२ तासांच्या आत घ्यावा लागतो. सी काविळीवर लस नाही, पण आता ती गोळ्यांनी बरी होते. २०१८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात या काविळींची तपासणी आणि औषधे सरकारी रुग्णालयांत मोफत मिळतात.

जुन्या बाजारातून आणलेला रेझर उघडताना जाड हातमोजे घालावेत, किंवा आधी कोमट साबणपाण्यात अर्धा तास बुडवून ठेवावा आणि पाते चिमट्याने काढावे. घरात लहान मुले असतील तर हे काम ती झोपल्यावर करावे.

जाता जाता आणखी एक सांगतो. परक्याच्या पात्याला आपण नाक मुरडतो आणि घरात मात्र बाप-लेक, भाऊ-भाऊ एकच रेझर पाते न बदलता वापरतात. अमेरिकेत जिलेट कंपनीने १९१५ साली खास स्त्रियांसाठी रेझर काढला होता. आपल्याकडे कित्येक घरांत नवऱ्याचाच रेझर बायको वापरते. सांगाडा एक असला तर हरकत नाही, पाते प्रत्येकाचे वेगळे हवे. १९९० च्या दशकात एड्सविषयी जागृती झाल्यापासून गावोगावचे सलूनवाले गिऱ्हाइकागणिक नवे अर्धे पाते लावू लागले. मात्र तुरटीचा खडा अजूनही पुष्कळ ठिकाणी सर्वांना एकच फिरवतात. आपला खडा आपण घेऊन जावा.

गंज आणि धनुर्वात

गंजलेल्या लोखंडाने धनुर्वात होतो, ही समजूत सार्वत्रिक आहे. गंजामुळे धनुर्वात होत नाही. तो होतो माती, शेण, धूळ यांत असणाऱ्या जंतूंच्या बीजाणूंमुळे. बीजाणू म्हणजे जंतूने स्वतःभोवती केलेले चिलखतच. उघड्यावर पडलेल्या गंजक्या वस्तूवर मातीही असते म्हणून दोन्हींची सांगड बसली. पण चकचकीत, निकेल चढवलेला रेझरही जुन्या बाजारात जमिनीवर मांडलेला असेल तर त्यावर हे बीजाणू असू शकतात. म्हणून जमवणाऱ्याने दर दहा वर्षांनी धनुर्वाताची लस घ्यावी. आता ती घटसर्पाच्या लशीसह 'टीडी' या नावाने मिळते. जखम मळकट असेल आणि आधीच्या डोसाला पाच वर्षे होऊन गेली असतील तर पुन्हा घ्यावी लागते.

ब्रशाची गोष्ट

आता ब्रशाकडे वळू. जुन्या संचांत रेझरबरोबर पुष्कळदा प्राण्याच्या केसांचा ब्रश येतो. पहिल्या महायुद्धाच्या काळात इंग्लंड आणि अमेरिकेत चेहऱ्यावर व मानेवर काळपुळी होण्याचे प्रमाण एकाएकी वाढले. काळपुळी म्हणजे अँथ्रॅक्स. गुरांमध्ये याच रोगाला आपले शेतकरी 'फाशी' म्हणतात. माणसाच्या कातडीवर आधी पुरळासारखी पुळी येते, मग तिच्याभोवती फोड आणि सूज येते आणि मध्ये कोळशासारखी काळी खपली धरते. एवढे होऊनही ती फारशी दुखत नाही, हे विशेष. पेनिसिलिन नसलेल्या त्या काळात मानेवरच्या काळपुळीने माणसे दगावत.

शोध घेतल्यावर बोट दाढीच्या नव्या ब्रशांकडे गेले. चांगला ब्रश बिज्जूच्या केसांचा मानला जाई. युद्धामुळे नेहमीचा माल आणि तो साफ करण्याची नेहमीची व्यवस्था विस्कळीत झाली. मग पूर्वेकडून आलेले घोड्याचे स्वस्त केस रंगवून, बिज्जूच्या केसांसारखे भासवून त्यांचे ब्रश विकले जाऊ लागले. हे केस नीट निर्जंतुक केलेले नव्हते. त्याच सुमारास विषारी वायूपासून बचाव करणारा मुखवटा तोंडावर घट्ट बसावा म्हणून सैनिकांना गुळगुळीत दाढी करणे भाग होते. रोज नवा ओरखडा आणि रोज तोच ब्रश! घोड्याच्या केसांतला रोग सैनिकाच्या गालावर उतरला.

हे जुने पुराण आज का सांगावे? काळपुळीचे बीजाणू दशकानुदशके टिकतात म्हणून. स्कॉटलंडजवळच्या ग्रुइनार्ड बेटावर दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, ब्रिटिश सरकारने या जंतूंचे प्रयोग केले. ते बेट निर्जंतुक करून सुरक्षित म्हणून जाहीर व्हायला १९९० साल उजाडले. २०१७ साली अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या नियतकालिकात ब्रशांच्या या जुन्या साथीचा आढावा छापून आला, आणि त्याचे कारणच हे होते की जुने दाढीचे सामान वापरण्याची हौस तिकडे पुन्हा वाढली आहे. १९३० पूर्वीच्या ब्रशापासून धोका अगदी थोडा, पण शून्य नाही, असे त्यात म्हटले आहे. असा ब्रश घरी उकळून वा औषधात बुडवून निर्जंतुक करायच्या खटपटीत पडू नये, असाही सल्ला आहे. बीजाणू साध्या उकळण्याने खात्रीने मरत नाहीत, आणि ब्रश झटकताना ते हवेत उडू शकतात.

तेव्हा जुना ब्रश काचेआड ठेवावा, झटकू नये, आणि गालाला तर लावूच नये. दाढीसाठी आजचा नवा ब्रश घ्यावा. हल्ली कृत्रिम तंतूंचे चांगले ब्रश मिळतात आणि ते लवकर वाळतात, हा आपल्या दमट हवेत मोठा फायदा.

सांगाडा कसा पारखावा, कसा धुवावा

वापरायचा रेझर आणि जपायचा रेझर यांची सफाई वेगळी असते, आणि इथे संग्राहक व वापरणारा यांचे नेहमी बिनसते. जपणाऱ्याला मूळचा मुलामा, मूळची झाक टिकवायची असते. वापरणाऱ्याला फटीफटीतला मळ नको असतो. दोन्ही एकाच वेळी साधत नाही, म्हणून घरी आणल्याबरोबर ठरवून टाकावे की हा कपाटातला की न्हाणीघरातला.

कपाटातल्याला साबणपाणी आणि मऊ फडके पुरे. न्हाणीघरातला रेझर सुटा होत असेल तेवढा सुटा करावा, कोमट पाण्यात भांड्यांचा साबण घालून वीस मिनिटे ठेवावा आणि जुन्या मऊ टूथब्रशने फटी घासाव्यात. वर्षानुवर्षांचा साबणाचा पांढरा थर असा सुटतो. १९३४ पासून निघालेल्या, मूठ फिरवली की दारे उघडणाऱ्या रेझरांच्या पोटात हा थर फार साचतो. त्यांची दारे पाण्यातच दोन-चार वेळा उघडझाप करावी. नंतर ७० टक्के अल्कोहोलमध्ये दहा मिनिटे बुडवून वाळू द्यावा. सबंध धातूचा, साधा तीन तुकड्यांचा रेझर वीस मिनिटे उकळला तरी चालतो. बेकेलाइट, सेल्युलॉइड, हस्तिदंत किंवा रंग असलेला रेझर उकळू नये, सोन्याचा मुलामा असलेलाही नको. कपडे पांढरे करायचे ब्लीच तर कोणत्याच धातूला लावू नये. तांब्या-पितळेची भांडी घासायच्या पावडरीने रेझर झकास चमकतो, पण मुलामाही तिच्याबरोबरच जातो.

मुलामा गेला की आतले पितळ उघडे पडते आणि ओल राहिली की कोपऱ्यांत हिरवा थर धरतो. कल्हई गेलेल्या पितळेच्या भांड्यात ताक कळकते, ते याच कारणाने. थोडासा हिरवा डाग घासून निघतो. पात्याखालच्या पट्टीवर मुलाम्याचे पोपडे सुटले असतील तर मात्र तो रेझर कपाटाचाच. काहींना निकेलचे वावडे असते. नकली दागिन्यांनी किंवा घड्याळाच्या पट्ट्याने ज्यांच्या अंगावर खाज-पुरळ उठते, त्यांनी निकेल चढवलेला जुना रेझर वापरताना बोटे आणि गाल यांवर लक्ष ठेवावे.

आता सर्वांत महत्त्वाची पारख. नवे पाते बसवून रेझर डोळ्यांसमोर आडवा धरावा आणि पाते व खालची पट्टी यांमधली फट पाहावी. दोन्ही बाजूंना, दोन्ही टोकांना ती सारखी हवी. जुने रेझर हातून पडून त्यांच्या डोक्याचे कोपरे वाकलेले असतात. १९३० साली जिलेट कंपनीने पात्याचे आणि डोक्याचे कोपरे बदलले ते याच दुखण्यामुळे. वाकलेल्या रेझरमध्ये पाते एका बाजूला जास्त बाहेर येते आणि तिथेच रोज कापते. "डॉक्टर, उजव्या गालालाच सारखं का कापतं?" असे एक तरुण विचारत होता. त्याचा रेझर मागवून पाहिला तर दोष गालात नव्हता.

गालावर घेताना

पाच पात्यांच्या रेझरने सवय झालेला हात दाबून चालतो. जुन्या जड रेझरला तो दाब सोसत नाही. त्याचे वजनच पुरेसे असते. अंघोळीनंतर दाढी करावी, म्हणजे दोन-तीन मिनिटांच्या कोमट पाण्याने केस मऊ झालेले असतात. साबणाचा दाट फेस करावा, मूठ गालाशी साधारण ३० अंशांत धरावी आणि केसांच्या दिशेने, थोडे थोडे अंतर चालवावे. मानेवर केसांची दिशा बदलते, ती आधी बोटाने चाचपून पाहावी. १९५८ पासून आलेल्या, मुठीजवळ १ ते ९ आकडे असलेल्या रेझरमध्ये आकडा वाढला की पाते जास्त उघडते. सुरुवात लहान आकड्यावर करावी. रोज नवा रेझर काढून बघण्याचा मोह संग्राहकांना फार. प्रत्येकाचा कोन निराळा, त्यामुळे कातडी रोज नव्याने सोलली जाते. एक निवडून तीन-चार आठवडे तोच वापरावा.

या रेझरचा खरा फायदा होतो तो कुरळ्या, राठ केसांच्या माणसांना. अनेक पात्यांचा रेझर केस ओढून कातडीच्या पातळीखाली कापतो. मग ते टोक वळून आतच रुतते आणि मानेवर दुखऱ्या पुळ्या येतात. एकच पाते केस कातडीच्या बरोबरीने कापते, म्हणून पुष्कळांना त्याने आराम पडतो. पण दाढीतल्या प्रत्येक पुरळाला हे कारण लावू नये. खाजरे, गोल कडेने पसरत जाणारे चट्टे बहुधा गजकर्णाचे असतात. त्यावर औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेले स्टेरॉइड मिसळलेले मलम चोळले की चार दिवस बरे वाटते आणि नंतर सारा चेहरा व्यापतो. गुरांचे काम करणाऱ्यांना जनावरांकडूनही दाढीत गजकर्ण होतो. चामखीळ असेल तर तिच्यावरून पाते फिरवू नये, नाहीतर पात्याच्या रेषेत नव्या उगवतात. वरच्या ओठावर किंवा नाकाशेजारी गळू झाले तर ते दाबून फोडू नये. तिथल्या शिरांचा संबंध मेंदूजवळच्या शिरांशी आहे.

काही जणांनी या हौसेपासून दूर राहिलेले बरे. हात थरथरणारे, मोतीबिंदूमुळे कमी दिसणारे, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणारे, आणि साखर आटोक्यात नसलेले मधुमेही यांनी जुने रेझर खुशाल जमवावेत, तळाची अक्षरे भिंगाने वाचून साल ठरवावे. दाढीला मात्र विजेचे यंत्र वापरावे.

राहता राहिला वापरलेल्या पात्यांचा प्रश्न. अमेरिकेतील जुन्या घरांत न्हाणीघरातल्या कपाटाच्या मागे एक चीर असे आणि वापरलेली पाती त्यातून भिंतीच्या पोकळीत टाकत. आजही घरे पाडताना गंजक्या पात्यांचे ढीग तिथे सापडतात. आपल्याकडे ती कागदात गुंडाळून कचऱ्यात जातात आणि कचरा वेगळा करणाऱ्याच्या हाताला लागतात. बिस्किटाचा किंवा औषधाचा पत्र्याचा डबा घ्यावा, झाकणाला पाते जाईल एवढी चीर पाडावी आणि झाकण पक्के बसवावे. अशा डब्यात दोन-तीन वर्षांची पाती मावतात. भरला की चीर चिकटपट्टीने बंद करून, वर मोठ्या अक्षरांत 'ब्लेड' असे लिहून, तो घंटागाडीवाल्याच्या हाती वेगळा द्यावा.